माती परीक्षणाच्या पत्रिकेवर कॅडमियम आणि शिसे आणा: कृषी आयुक्तांना खुले पत्र

मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस

(प्रत: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ; अन्न व औषध प्रशासन; पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका)

महोदय,

मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा रकाने असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. २०१५ साली ही योजना सुरू झाली, तेव्हापासून रकाने हेच आहेत. पिकाला जमिनीत काय कमी पडते ते या पत्रिकेवरून कळते. पण जमिनीत जे असायलाच नको, त्याचा रकाना तिच्यावर नाही. शहराचे सांडपाणी, गाळ किंवा कचऱ्याचे खत ज्या गावांच्या शेतात येते, निदान तिथे तरी कॅडमियम आणि शिसे या दोन विषारी धातूंचे रकाने वाढवावेत, एवढ्यासाठी हे पत्र आहे. ते कसे जमेल आणि करताना कुठे चुका होतील, हेही आम्ही सविस्तर लिहीत आहोत. नाही तर "यंत्रणा नाही" या दोन शब्दांवर विषय बंद होतो.

उदाहरण आपल्या कार्यालयाजवळचेच घेऊ. पिंपरी-चिंचवडमधून पवना येते, पुण्यातून मुळा आणि मुठा येतात, आणि मुळा-मुठा पुढे भीमेला मिळून उजनीत जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले पाणी उचलून बेबी कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंड भागातल्या शेतांना मिळते. पाणी पुन्हा वापरात येते हे चांगलेच आहे, त्याला आमचा विरोध नाही. अडचण अशी की सांडपाणी प्रक्रिया केंद्राची रचना सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी असते, धातू काढण्यासाठी नसते. धातू तिथे नष्ट होत नाही. त्याचा काही भाग पाण्याबरोबर पुढे जातो आणि बराचसा गाळात बसतो. केंद्र जितके चांगले चालेल तितका गाळात धातू जास्त साचतो, आणि तोच गाळ वाळवून खत म्हणून शेतात गेला तर फेरा पूर्ण होतो.

घरातल्या सांडपाण्यात धातू थोडाच असतो. खरा भार येतो प्लेटिंगची (धातूचा मुलामा देण्याची), बॅटरीची, रंगाची आणि धातू घासण्या-धुण्याची कामे करणाऱ्या शेडमधून, जिथले पाणी थेट महापालिकेच्या गटाराला जोडलेले असते. इथे नियमांचीही एक गोष्ट आपल्या नजरेस आणायची आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालते. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याच्या रकान्यात कॅडमियम आणि शिसे यांच्यासमोर आकडाच नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेची सिंचनासाठीची मार्गदर्शक मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे नदीत सोडताना जे कायदेशीर आहे ते शेतात चालण्यासाठी किमान दोनशे पट पातळ व्हायला हवे. पावसाळ्यात ते कदाचित होते. एप्रिल-मे महिन्यात नदीत मुळात सांडपाणीच जास्त असते, तेव्हा पातळ कशाने व्हायचे?

बरे, ०.०१ ही मर्यादा पाळली तरी हिशेब संपत नाही. हेक्टरी वर्षाला १०,००० घनमीटर पाणी दिले, तर या मर्यादेतल्या पाण्यातूनही १०० ग्रॅम कॅडमियम जमिनीत येते. वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन हेक्टरी साधारण २२ लाख किलो धरा. किलोमागे वर्षाला ०.०४५ मिलिग्रॅमची भर पडते, वीस वर्षांत ०.९ मिलिग्रॅमची. तुलनेसाठी, चीनने २०१८ मध्ये शेतजमिनीसाठी सामूनुसार मर्यादा घातल्या आहेत. भातखाचरे सोडून इतर जमिनीत सामू ७.५ च्या वर असेल तर किलोमागे ०.६ मिलिग्रॅम कॅडमियमलाच धोक्याची पहिली खूण मानतात, आम्लधर्मी जमिनीत ०.३ ला. कॅडमियम झिरपून फारसे खाली जात नाही आणि कुजून संपतही नाही. एकदा आलेला धातू बहुतेक तिथेच राहतो.

शेतकऱ्याला हे दिसत का नाही, याचे कारण वनस्पतीतच आहे. जस्त किंवा तांबे जमिनीत फार झाले की पीक आधी पिवळे पडते, खुरटते. माणसाला बाधा होण्याआधी पीकच सांगते. शिसे मुळांपाशीच अडकून राहते, वर फारसे चढत नाही. कॅडमियमला असा अडसर नाही. माणसाला घातक ठरेल इतके कॅडमियम पानात असताना पालक हिरवागार, रसरशीत असतो, वजनाला भरतो आणि बाजारात चांगला भाव घेतो. जमीन आणि पान प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ते कळायचा दुसरा मार्ग नाही.

पिकांचा क्रमही ठरलेला आहे. पालक, माठ, चुका, मेथी, कोथिंबीर, शेपू यांच्या पानांत कॅडमियम सगळ्यात जास्त साचते. मुळा, गाजर, बीट त्यांच्या मागोमाग. वांगी, भेंडी, टोमॅटो यांच्या फळात बरेच कमी आणि कडधान्याच्या दाण्यात व फळझाडांच्या फळांत आणखी कमी. सांडपाण्यावर मात्र नेमक्या पालेभाज्याच घेतल्या जातात, कारण बारमाही पाणी असते, तीस-चाळीस दिवसांत पीक हातात येते आणि बाजारपेठ तासाभरावर असते.

आता तब्येतीचे. पोटात गेलेल्या कॅडमियमपैकी सरासरी ५ टक्केच शरीर शोषते. पण शरीरात लोह कमी असले की लोहासाठी उघडलेल्या वाटेनेच कॅडमियम आत शिरते आणि हे प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे ज्यांना आपण पालेभाजी खा असे सांगतो त्याच बायकांचे शरीर तिच्यातले कॅडमियम जास्त ओढून घेते. (पालेभाजी सोडा असा याचा अर्थ कोणी काढू नये. भाजी चांगल्या जमिनीत पिकवा, एवढाच अर्थ आहे.) शोषलेले कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि तिथून निम्मे व्हायला १० ते ३० वर्षे लागतात. ते बाहेर काढणारे खात्रीचे औषध नाही.

मूत्रपिंडातल्या बारीक नलिका आधी बिघडतात. शरीराने परत घ्यायची लहान प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फेट लघवीवाटे जाऊ लागतात आणि हाडे ठिसूळ होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीत पट्टी बुडवून जे प्रथिन बघतात ते अल्ब्युमिन. सुरुवातीच्या बिघाडात जाणारे प्रथिन बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, ते या पट्टीवर उमटत नाही. रक्तातले क्रिएटिनिनही फार उशिरा वाढते. त्यामुळे तपासणी नॉर्मल, तक्रार मात्र अंगदुखीची आणि थकव्याची, असे वर्षानुवर्षे चालू शकते.

शिशाची गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाच्या पोटातून ५ ते १० टक्के शिसे शोषले जाते, लहान मुलाच्या पोटातून ४० ते ५० टक्के. मेंदूच्या वाढीवर, शिकण्यावर, वागण्यावर परिणाम होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. आईच्या हाडात साठलेले शिसे गरोदरपणात कॅल्शियमबरोबर सुटते आणि वारेतून बाळाकडे जाते. कॅल्शियम व लोह पुरेसे पोटात गेले तर हे थोडे आवरता येते. आहारातून करण्यासारखी ही एक गोष्ट हाताशी आहे.

या दोन धातूंतला एक फरक स्वयंपाकघराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पालेभाजीवरचे शिसे मुख्यतः बाहेरून चिकटलेले असते: रस्त्याची धूळ, पाण्याबरोबर उडालेली माती, पानाच्या देठाशी बसलेला गाळ. जुडी सोडून, देठाचा मातकट भाग कापून, मोठ्या पातेल्यात तीन वेळा पाणी बदलून भाजी हलवून धुतली तर यातले बरेच शिसे निघून जाते. शेतकऱ्यानेही पालक जमिनीपासून दोन बोटे वर कापला आणि जुड्या बांधण्यापूर्वी त्याच पाटाच्या पाण्यात बुचकळल्या नाहीत, तर फरक पडतो. पाटातल्या धुण्याने माती निघते आणि सांडपाणी लागते. कॅडमियम मात्र पानाच्या आत असते. ते धुऊन, मिठाच्या पाण्यात ठेवून, उकळून पाणी फेकून भरवशाने काढता येत नाही. म्हणून "भाजी नीट धुऊन खा" हा सल्ला शिशापुरता खरा आहे आणि कॅडमियमबाबत जबाबदारी गृहिणीच्या गळ्यात घालणारा आहे.

किती कॅडमियम जास्त म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये शरीराच्या दर किलोला महिन्याला २५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा दिली. ५० किलो वजनाच्या बाईला ती दिवसाला सुमारे ४२ मायक्रोग्रॅम पडते. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाची) पालेभाजीतली मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. या मर्यादेला टेकलेला १०० ग्रॅम पालक पोटात गेला तर २० मायक्रोग्रॅम गेले, दिवसाच्या वाट्यातले जवळपास निम्मे. पोळी आणि भात अजून यायचा आहे. पंधरा किलोच्या मुलाचा दिवसाचा वाटा १२.५ मायक्रोग्रॅम. त्याच्या ताटातला ५० ग्रॅम पालक १० मायक्रोग्रॅम देऊन जातो.

महोदय, आता यंत्रणेबद्दल. आपल्या ज्या मृद चाचणी प्रयोगशाळा जस्त, लोह, तांबे, मंगल तपासतात त्या १० ग्रॅम मातीत २० मिलिलिटर डीटीपीए या धातू पकडणाऱ्या रसायनाचे द्रावण (०.००५ मोलर, सामू ७.३) घालून दोन तास हलवतात, गाळतात आणि तो अर्क धातू मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर लावतात. त्याच अर्कात पिकाला उपलब्ध कॅडमियम आणि शिसेही उतरलेले असते. वेगळी माती घेणे नको, वेगळे द्रावण नको, हवा-ॲसिटिलीनची ज्योतही तीच. यंत्रात जस्ताचा दिवा काढून कॅडमियमचा दिवा लावायचा, तरंगलांबी २२८.८ नॅनोमीटरवर आणायची. शिशाचा दिवा लावून २८३.३ वर. दोन दिवे आणि दोन प्रमाणित द्रावणे, एवढी ही खरेदी आहे. जमिनीत किलोमागे ०.१ मिलिग्रॅम उपलब्ध कॅडमियम असेल तर अर्कात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम येते. ज्योतीवर ते नीट वाचता येते.

चुका होतील त्या इथे. २२८.८ वर डीटीपीएतल्या क्षारांमुळे प्रकाश विखुरतो आणि नसलेले कॅडमियम दिसते. म्हणून ड्युटेरियम दिव्याची पार्श्वभूमी-दुरुस्ती चालू ठेवूनच वाचन घ्यावे. प्रमाणित द्रावणे साध्या पाण्यात न करता डीटीपीए द्रावणातच करावीत. बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून धुवाव्यात. प्रत्येक वीस नमुन्यांमागे एक कोरा (माती न घातलेला) नमुना आणि एक प्रमाणित संदर्भ-माती असावी. संदर्भ-मातीचा आकडा चुकला तर ती सगळी तुकडी पुन्हा. डीटीपीए पद्धत सामू ७ च्या आसपास आणि वरच्या, चुनखडीयुक्त जमिनींसाठी बेतलेली आहे. देशावर ती चालेल. कोकणच्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत तिच्यावर विसंबू नये. तिथे आम्लात माती विरघळवून एकूण धातू काढावा.

नमुना घेण्याच्या पद्धतीत तर बदल हवाच. आपल्या सूचना सांगतात की बांधाजवळची, पाटाजवळची, खताच्या ढिगाखालची जागा टाळा. अन्नद्रव्यांसाठी हे योग्य आहे. धातूंसाठी नेमके उलटे करावे लागते. सांडपाणी वाफ्यात शिरते तिथे त्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो आणि धातू गाळाबरोबर बसतो. म्हणून पाटाच्या तोंडाचा एक, वाफ्याच्या मधला एक आणि शेवटच्या टोकाचा एक, असे तीन नमुने वेगळे ठेवावेत, एकत्र कालवू नयेत. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना ही सध्याची जाळी इथे फार विरळ आहे. माती खणायला गंजलेले किंवा रंग दिलेले खुरपे नको, गोळा करायला जस्ताचा मुलामा चढवलेली बादली नको. प्लॅस्टिकची बादली आणि लाकडी किंवा स्टेनलेस स्टीलचे हत्यार चालेल. खोली ० ते १५ सेंटिमीटर.

भाजीचा नमुना शेतातूनच घ्यावा, कारण बाजारात पोचलेली जुडी कुठल्या वाफ्यातली हे कोणालाच सांगता येत नाही. अर्धा नमुना न धुता आणि अर्धा घरच्यासारखा धुऊन तपासावा. दोन्हींतला फरक म्हणजे बाहेरून चिकटलेला धातू. आणि अहवालात ओल्या वजनावर की सुक्या वजनावर, हे ठळक लिहावे. पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. सुक्या पानात किलोमागे २ मिलिग्रॅम आले तर ओल्या पानात ते ०.२ च्याही आत असते. मर्यादा ओल्या वजनाची आणि आकडा सुक्याचा, अशी तुलना छापून आली की दहापट भीती पसरते, शेतकऱ्याचा माल पडून राहतो आणि पुढच्या वेळी तो नमुना देत नाही.

जिथे आकडे वाढलेले निघतील तिथे काय करायचे, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा धातूची आवक बंद करायची. मोहरी लावा, ती जमीन साफ करते, असे सल्ले फार दिले जातात. हिशेब करून पाहा. हेक्टरी दहा टन सुका पाला आला आणि त्यात किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम असले तरी एका पिकात ५० ग्रॅम निघते. वर सांगितलेले, मर्यादेत बसणारे पाणी वर्षाला १०० ग्रॅम आणते. शिवाय तो पाला गुरांना घातला किंवा खतात कुजवला तर सगळे परत येते.

पिके बदलणे हा जास्त उपयोगी मार्ग आहे. पालेभाजीच्या जागी झेंडू, शेवंती, निशिगंध किंवा फळबाग घ्यावी. चाऱ्याचे गवत मात्र नको, कारण जनावराच्या यकृतात आणि मूत्रपिंडात तेच साठते. देशावरच्या काळ्या जमिनीचा सामू ८ च्या आसपास असतो, ती कॅडमियम बऱ्यापैकी धरून ठेवते. तिथे चुना घालून काही मिळत नाही. क्लोराइड जास्त असलेले खारे पाणी मात्र ही पकड सोडवते, हे सांडपाण्याच्या बाबतीत विसरू नये. जस्त कमी असलेल्या जमिनीत पीक जस्ताच्या वाटेने कॅडमियम जास्त उचलते. कमतरता असेल तिथे हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्यावे, पण ते खत नियंत्रण आदेशातल्या दर्जाचे, शिसे ०.००३ टक्क्यांच्या आतले. भंगारातून केलेले स्वस्त झिंक सल्फेट स्वतःच धातू आणते. कोकणात सामू ६.५ पर्यंत चढवायला चुना उपयोगी पडतो. भातात पोटरी ते निसवणीच्या काळात खाचरात पाणी धरले तर कॅडमियम दाण्यात कमी जाते. मात्र जिथे आर्सेनिक आहे तिथे हाच उपाय आर्सेनिक वाढवतो.

शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत: किलोमागे कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, पारा ०.१५, आर्सेनिक १० मिलिग्रॅम. ओला-सुका कचरा एकत्र कुजवून नंतर ४ मिलिमीटर चाळणीतून चाळला तर बॅटरीचे आणि रंगाचे कण चाळणीखालीच येतात. कचरा वेगळा करायचा तो कुजवण्याआधी. महापालिकांनी प्रत्येक तुकडीचा धातूंचा अहवाल गोणीवर चिकटवावा.

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी हेच झाले. वरच्या अंगाला कामिओका खाण होती, तिच्यातले कॅडमियम नदीवाटे भातखाचरांत आले आणि तांदळातून पोटात गेले. रोगी मुख्यतः उतारवयातल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या शेतकरी बायका. हाडे इतकी ठिसूळ की खोकल्यानेही मोडत. "इताई, इताई", म्हणजे दुखतंय, दुखतंय, हेच रोगाचे नाव पडले. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला, १९७१ मध्ये न्यायालयाने खाण कंपनीला दोषी धरले. मग सुमारे ८६३ हेक्टर शेतांतली माती बदलावी लागली. ते काम २०१२ मध्ये संपले. खटल्यानंतर १९७२ मध्ये झालेल्या करारातून गावकऱ्यांना दरवर्षी खाणीत जाऊन तपासणी करण्याचा हक्कही मिळाला. प्लेटिंगच्या शेडची तपासणी करताना प्रदूषण मंडळाने खालच्या अंगाच्या गावांतले दोन शेतकरी सोबत न्यावेत, असे आम्हाला वाटते.

एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. या तपासणीचा पहिला अहवाल त्या शेतकऱ्याच्या हातात द्या आणि त्याच्यासोबत पर्यायी पिकाचे बियाणे-रोपे व बदलाच्या काळातली भरपाई द्या. धातू त्याने टाकलेला नाही. प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योग प्रकरणात मान्य केले आहे. आधी भाजी जप्त झाली, तर कोणीही माती देणार नाही.

रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मे महिन्यात वाफे मोकळे असतात आणि नदीचे पाणी सगळ्यात दाट असते. पुढच्या उन्हाळ्यात बेबी कालव्यावरच्या गावांतून पाटाच्या तोंडाचे नमुने घेता येतील. त्याआधी पुण्याच्या प्रयोगशाळेत दोन दिवे आलेले असावेत.

आपले,
मृद रसायन, पीकशास्त्र आणि आरोग्य या क्षेत्रांत काम करणारे